माडवण्याची पहिली रांग

योगिनी चोगले आमदार झाली त्याच महिन्यात माडवण्याचे लोक तिच्या दारात आले, ते बंधारा मागायला. बुरोंडीच्या उत्तरेला सड्यावरचा, वरच्या कातळपठारावरचा, रस्ता सोडून खाली उतरलं की माडांच्या शेंड्यांतून एकदम समुद्र दिसतो, तिथं हे गाव. साठ-सत्तर घरं, सगळी मासेमारीवर जगणारी. दर पावसाळ्यात समुद्र चार-दोन माड उपटून न्यायचा आणि दर दिवाळीनंतर गावकरी कुणा ना कुणा पुढाऱ्याकडे अर्ज घेऊन जायचे. या खेपेला बंधारा मंजूरसुद्धा झालेला होता. काळ्या दगडांची सहाशे मीटर लांब भिंत. नव्या आमदारबाईंनी फक्त मागे लागून काम सुरू करून घ्यायचं होतं.

योगिनीने ते थांबवलं.

ती मूळची केळशीची, होडीवाल्याच्या घरातली. राजकारणात येण्याआधी पंधरा वर्षं तिने दापोलीत कॉलेजात भूगोल शिकवला होता. लाट भिंतीवर आपटली की परत जाताना पायथ्याची वाळू ओढून नेते, भिंत राहते पण पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, जाते, हे तिने कितीदा तरी फळ्यावर काढून दाखवलं होतं. गावकऱ्यांना फळा दाखवून भागणार नव्हतं. म्हणून तिने सरपंच मालन आणि गावातल्या नऊ-दहा बायकांना दोन गाड्यांत बसवलं आणि दक्षिणेकडच्या अशा एका गावी नेलं, जिथं बंधारा होऊन बारा वर्षं झाली होती. ओहोटीची वेळ होती, तरी भिंतीखाली पाय ठेवायला वाळू नव्हती. नुसते शेवाळलेले दगड आणि त्यांत अडकलेल्या जाळ्यांच्या चिंध्या.

बायकांमध्ये आवडाबाई पावसे होती. साठी उलटलेली, अंगाने काटक. माडवण्यात समुद्राकडून पहिलं घर तिचं. नवरा रघू एकेकाळी होडी हाकणारा नावाजलेला तांडेल, पण लकवा मारून त्याची डावी बाजू गेली होती आणि तो दिवसभर पडवीत खुर्चीवर बसून समुद्राकडे बघत असायचा. आवडाबाई त्या भिंतीवर बराच वेळ उभी राहिली. मग तिथल्या एका बाईला तिने विचारलं, "तुमी मासळी वाळवता कुठं गो?"

"नाय वाळवत," ती बाई म्हणाली. "होड्या खाडीत गेल्या, मासळी तिकडंच उतरते. आमी आता सुकं विकतच घेतो."

परतीच्या वाटेवर माडवण्याचा उतार लागला तेव्हा आवडाबाई पुढच्या सीटकडे वाकून म्हणाली, "योगिनी, भिंत नको मला. पण भिंत नको तर काय, ते तू सांग."

ते सांगायला योगिनीने तीन अभ्यासक आणले. मध्ये निसर्ग वादळ येऊन गेलं, गावाचे निम्मे माड झोपले, घरांचे पत्रे उडाले. पाणी मात्र घरात शिरलं नाही. त्यानंतरचा सबंध हिवाळा ते तिघे माडवण्यात राहिले. पुळणीवर खुंट्या ठोकून वाळू मोजली, म्हाताऱ्यांना जुन्या उधाणांच्या गोष्टी विचारल्या, रघू तांडेलाशेजारी बसून तासन् तास ऐकलं. मार्चअखेर चाळीस पानांचा अहवाल योगिनीच्या टेबलावर आला.

अहवालात दोन कामं सांगितली होती. पहिलं, पुळणीच्या वरच्या अंगाला वाळूचा जो नैसर्गिक बांध आहे तो वाढवायचा. माडाच्या विणलेल्या झापांची वई, म्हणजे कुंपण, घालून वाळू अडवायची, तिच्यावर मर्यादवेल लावायची. वेलीच्या मुळांनी वाळू धरून राहते. दुसरं काम पान एकतीसवर होतं. समुद्रालगतच्या पहिल्या रांगेतली अकरा घरं पाच वर्षांच्या आत सड्यावरच्या गुरचरण जमिनीवर हलवायची. वाळूचा बांध नेहमीच्या लाटा अडवील, पण मोठं उधाण आणि वादळ एकाच दिवशी आलं तर तो मागे सरकेल, आणि त्याला सरकायला जागा हवी. एकाशिवाय दुसरं काम अपुरं आहे, असं स्पष्ट लिहिलं होतं. खाली अकरा नावांची यादी होती. पहिलं नाव रघुनाथ पावसे.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. योगिनीचं कार्यालय सांभाळणारा सर्वेश गाडीतून उतरता उतरता म्हणाला, "ताई, पान एकतीस आज घ्यायचं का?"

त्यावर योगिनीने रात्रभर विचार केला होता. किनाऱ्यावरून मच्छीमार उठवला की मागून हॉटेलवाला येऊन बसतो, ही धास्ती प्रत्येक गावात होती, आणि ती खोटी नव्हती. सड्यावर पाणी नव्हतं. रोज खाली-वर करायचं म्हणजे म्हाताऱ्यांचे गुडघे गेले असते. आधीच तिने बंधारा थांबवला होता. त्यावर आता घरं सोडा म्हणून सांगायचं तर सभेतून धड बाहेर पडता आलं नसतं. ही सगळी कारणं खरी होती.

"आज नको," ती म्हणाली. "आधी कामाला लागू दे लोकांना. पुढच्या सभेत घेऊ."

सभा उत्तम झाली. योगिनीने समुद्र का वर येतोय ते सांगितलं, वाळू कशी चालते ते सांगितलं, आणि हा बांध तुम्ही तुमच्या हातांनी उभा करायचा आहे म्हणून सांगितलं. मालनने ठराव मांडला. बायकांनी हात वर केले. पडवीत बसल्या बसल्या रघू तांडेलाने सभेचा गलबला ऐकला, आणि संध्याकाळी योगिनी भेटायला गेली तेव्हा जिभेची अडखळ सावरत म्हणाला, "बरं केलंस. समुद्राला भिंत दाखवायची नसते. त्याला राग येतो."

पुढची दोन वर्षं माडवण्यात जे काम झालं, ते पाहायला लांबून लोक येत. आवडाबाईने बायकांच्या तीन टोळ्या केल्या. एक टोळी झाप विणायची, दुसरी खुंट्या ठोकायची, तिसरी वेलीचे फाटे तोडून आणून वाळूत पुरायची. पहिल्या पावसाळ्यात निम्मे फाटे वाहून गेले, तिने पुन्हा लावून घेतले. दुसऱ्या वर्षी वाळू कंबरेएवढी चढली, वेलीला जांभळी फुलं आली. योगिनी दर महिन्याला यायची. पदर खोचून फाटे पुरायची, बायकांबरोबर नाचणीची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खायची. कुणाचं रेशनकार्ड, कुणाची डिझेल परताव्याची फाईल, सगळं तिथंच वाळूत बसून ऐकायची. नागपूरच्या अधिवेशनात तिने लक्षवेधी मांडली तेव्हा माडवण्याचं नाव सभागृहात घेतलं. एका संस्थेने तिला पुरस्कार दिला. समारंभाला ती आवडाबाईला घेऊन गेली आणि शाल तिच्या खांद्यावर घातली. तो फोटो सगळीकडे गेला.

पान एकतीस तिला आठवायचं. रघूला भेटायला पडवीत टेकली की हमखास आठवायचं. पण गाव खूश होतं, दोन पावसाळे निभावले होते, आणि पाच वर्षांतली अजून तीन बाकी होती. मालनला तरी एकदा एकटीला सांगावं, असं ठरवून ती दोनदा आली आणि दोन्ही वेळा दुसरंच बोलून गेली.

तिसऱ्या वर्षी आषाढ अमावास्येला समुद्रात कमी दाबाचा पट्टा आला. मच्छीमारांना इशारा होता, होड्या तर जूनपासूनच वर ओढून झापांनी शाकारलेल्या होत्या. भरती दुपारी बाराच्या सुमाराची. योगिनी त्या दिवशी दापोलीत तहसील कार्यालयात बैठकीला होती. साडेअकराला मालनचा फोन आला.

"ताई, पाणी होड्यांच्या वाटेनं आत येतंय."

होड्या ओढायला बांधात एक वाट मोकळी ठेवलेली होती, दोन होड्या अंगाला अंग लावून जातील एवढी. तिला लागूनच आवडाबाईचं घर. योगिनी गाडीत बसली. सड्यावर वारा गाडी ढकलत होता, एका ठिकाणी रस्त्यावर काजूचं झाड आडवं पडलं होतं. ती माडवण्याला पोचली तेव्हा दीड वाजला होता आणि जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. पाणी वाटेनं घुसलं, दोन्ही बाजूंनी बांध कापत गेलं, आणि अर्ध्या तासात साठ-सत्तर पावलं रुंद भगदाड पडलं. वेलीची भेंडोळी मुळांसकट माडांना गुंडाळून पडली होती. आवडाबाईच्या घराच्या समुद्राकडच्या दोन भिंती गेल्या होत्या, आणि छप्पर उरलेल्या दोन भिंतींवर कललेलं होतं. आणखी दोन घरांत छातीभर पाणी शिरलं होतं.

माणूस कुणी गेलं नव्हतं. रघूला चौघांनी खुर्चीसकट उचलून शाळेत आणलं होतं. तो ओल्या लेंग्याने बाकावर बसला होता आणि आवडाबाई त्याचे पाय कोरड्या पोत्याने पुसत होती. योगिनी तिच्यासमोर उकिडवी बसली.

"कपडे बदलून देते यांचे," आवडाबाई म्हणाली. "तू जरा बाहेर हो."

चार दिवसांनी आवडाबाईचा मुलगा सोहम आला आणि दोघांना खेडला घेऊन गेला. तो तिथं गॅरेजमध्ये कामाला होता, बाजारामागे एका खोलीत राहत होता. एस.टी.च्या थांब्यावर रघूला उचलून गाडीत चढवताना गावातले सगळे जमले होते. योगिनी त्या दिवशी मुंबईत होती.

ऑगस्टमध्ये पुन्हा सभा झाली, त्याच पटांगणात. या वेळी योगिनीला कुणी खुर्ची पुढे केली नाही. सर्वेशने वर्गातून एक आणली. मालन उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही.

"ताई, तुम्ही सांगितलंत तसं आम्ही केलं. दोन वर्षं गावच्या बायकांनी घरची कामं टाकून केलं. आता आमचं एकच म्हणणं आहे. बंधारा हवा."

"बंधाऱ्याने पुळण जाईल, मालनताई. तुम्ही स्वतः बघून आलाय."

"पुळण जाईल ती पुढं. घरं आज जातायत."

मागून कुणीतरी म्हणालं, "आमदारांचं घर दापोलीत हाय." कुणी हसलं नाही.

अहवाल योगिनीच्या पिशवीत होता. तो काढून पान एकतीस वाचायची हीच वेळ होती, हे तिला कळत होतं. पण आता वाचलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, हे तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं. तिने पिशवीची चेन ओढली. मालनने बंधाऱ्यासाठी लिहून आणलेल्या शिफारसपत्रावर तिथल्या तिथं सही करून ते तिच्या हातात दिलं. लोक एकेक करून उठले. कुणी आभार मानले नाहीत, कुणी शिव्याही घातल्या नाहीत.

आश्विनात रघू गेला. मालनने फोनवर दोन वाक्यांत सांगितलं. योगिनी कामात बुडून गेली, किंवा तसं स्वतःला सांगत राहिली. शेवटी चौदावा उलटून गेल्यावर एका दुपारी तिने ड्रायव्हरला गाडी खेडला घ्यायला सांगितली. सर्वेशला बरोबर घेतलं नाही.

खोली पहिल्या मजल्यावर होती, लोखंडी जिन्याने वर जायची. सोहम कामावर गेला होता. आवडाबाई दाराशी बसून सुक्या बांगड्यांचे वाटे पाटीत लावत होती. ती रोज दुपारनंतर एस.टी. डेपोच्या बाहेर पाटी घेऊन बसते, हे योगिनीला खाली चौकशी करताना कळलं होतं.

"ये," आवडाबाई म्हणाली. तिने चटई सरकवली आणि चहा ठेवला. भिंतीवर रघूचा फोटो होता, तरुणपणचा, डोक्याला फडकं बांधलेला. खिडकीतून जगबुडी नदीचा पूल दिसत होता.

"मला यायला उशीर झाला, आवडाकाकी."

"झाला." तिने कप पुढे केला. "त्यांना इथं करमलं नाय. आवाज नाय म्हणायचे. समुद्राचा आवाज नाय तर झोप लागत नाय. आणि नदीला पाणी चढलं की सोहम सामान माळ्यावर टाकायला लागायचा. हे म्हणायचे, तिथनं पाण्यानं उठवलं आणि आणलंस कुठं, तर पाण्यातच."

योगिनीने चहा तसाच खाली ठेवला. पिशवीतून अहवाल काढला, पान एकतीस उघडलं.

"तुम्हाला एक वाचून दाखवायचंय."

तिने वाचलं, सावकाश, एक शब्द न गाळता. अकरा नावंही वाचली. आवडाबाईचा हात बांगड्यांवर थांबला होता.

"आमचं नाव पयलं," ती म्हणाली.

"हो."

"हे कधी छापलं?"

"पहिल्या सभेच्या आधी. सभेच्या दिवशी माझ्या पिशवीत होतं."

आवडाबाईने मनाशी काही जुळवल्यासारखं केलं. "म्हणजे आमी वेल लावत होतो तेव्हा तुला ठावं होतं."

"हो."

"शाल घातलीस माझ्या अंगावर, तेव्हाबी."

"हो."

रस्त्यावरून एक एस.टी. हॉर्न वाजवत गेली. आवडाबाईने विचारलं, "का नाय सांगितलंस?"

येताना गाडीत योगिनीने उत्तरं जुळवून ठेवली होती. हॉटेलवाले, सड्यावरचं पाणी, म्हाताऱ्यांचे गुडघे. त्यातलं एकही तिच्या तोंडून निघालं नाही. "तुम्ही सगळे माझ्यावर खूश होतात," ती म्हणाली. "मला ते मोडवेना."

आवडाबाई बोलली ती आवाज न चढवता, पाटीकडे बघत.

"सांगितलं असतंस तर आमी उठलो असतो असं नाय म्हणत मी. ते तर नायच उठले असते. शिव्या घातल्या असत्या तुला. मीबी घातल्या असत्या. पण ते आमचं आमी ठरवलं असतं." तिने एक बांगडा वाट्यात सारला. "तुला एक सांगते. इथं आल्यापासनं ते मला रोज एकच इचारायचे. वई कुठं कमी पडली? वाटेच्या बाजूला खुंट्या किती हातावर ठोकल्यास? वेल त्या अंगाला लावायला तू कुणाला धाडलंस? सकाळी उठले की तेच. जेवताना तेच. मी म्हणायची, सगळं नीट केलं व्हतं. तर म्हणायचे, नीट केलं असतंस तर पाणी आलं नसतं. शेवटच्या दिवशीपातूर. आणि मीबी इचार करीत बसायची गो, रात रात. त्या अंगाला काशीची टोळी व्हती. मला वाटायचं काशीनं काम चुकवलं. तिला मी फोनवर बोलले, वाईट बोलले. ती रडली. तेव्हापासनं आमचं बोलणं नाय."

योगिनीने अहवाल मिटला. घर पडल्याचा राग ती सोसायला आली होती. हे तिला माहीत नव्हतं.

"आमच्या हातानं चूक झाली, असं समजून माणूस गेला माझा," आवडाबाई म्हणाली.

"मला माफ करा, असं मी म्हणणार नाही," योगिनी कशीबशी म्हणाली.

"नको म्हणूस." आवडाबाईने पाटीवर ओलं फडकं टाकलं, चुंबळ उचलली. "बाकीची दहा घरं अजून तिथंच हायत. त्यांना जाऊन वाच हे. आणि काशीला आधी वाच. आता उठ, मला डेपोवर जायचं हाय. चारची मंडणगड गाडी चुकली की गिऱ्हाईक नाय."

पाटी तिने स्वतःच डोक्यावर घेतली. योगिनीने हात लावायला पुढे केला तेव्हा ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे," आणि एका हाताने कठडा धरत जिना उतरून गेली.

माडवण्याला योगिनी गेली ती डिसेंबरात. बंधाऱ्याचं काम सुरू झालं होतं, दगडांचे डंपर सड्यावरून खाली उतरत होते आणि त्यांच्या धुळीने माडांच्या झावळ्या लाल झाल्या होत्या. आधी ती काशीच्या घरी गेली. काशी चाळिशीची, विधवा, यादीतलं चौथं घर तिचं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आवडामावशीला हे कळलंय?" कळलंय म्हटल्यावर तिने तोंडाला पदर लावला आणि आत निघून गेली. पुन्हा बाहेर आली नाही.

मग पटांगणात. वीसेक माणसंच जमली. योगिनीने पान वाचलं, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मी लपवलं, असंही सांगितलं. सर्वेश खाली बघत उभा होता. निवडणुकीला वर्षही उरलं नव्हतं आणि तो तिला आदल्या दिवशी हात जोडून नको म्हणाला होता.

लोक चिडतील अशी तिची समजूत होती. तसं काही झालं नाही. खडी ओतायचा आवाज आला म्हणून काही जण मागे वळून बघत होते. मालन म्हणाली, "ताई, तुम्ही आम्हाला आधी दगड दाखवलेत, मग वेल दाखवलीत, आता कागद दाखवताय. बंधारा झाला की आम्ही राहू इथंच." एका म्हाताऱ्याने विचारलं, होड्या चढवायला बंधाऱ्याला उतार ठेवणार आहेत का. योगिनीने नकाशात पाहून सांगितलं, एका ठिकाणी ठेवलाय. तो म्हणाला, बरं. सभा तेवढ्यावर संपली. सड्यावरच्या जागेसाठी एकट्या काशीने अर्ज दिला, तोही आठ दिवसांनी, माणसाकरवी.

बंधारा मेअखेर पुरा झाला. त्या पावसाळ्यात घरांत पाणी आलं नाही आणि गावात सत्यनारायण घातला गेला. निवडणुकीत माडवण्याच्या केंद्रावर योगिनीला वीस-बावीस मतं पडली. मतदारसंघातही ती हरली, बरीच हरली. तिच्या कबुलीचा व्हिडिओ कुणीतरी सभेत काढला होता, तो प्रचारात फिरला. हार झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सर्वेशने कार्यालयाच्या किल्ल्या आणून दिल्या आणि पायऱ्या उतरला.

पुळण पुढच्या वर्षी गेली. ओहोटीलाही आता भिंतीखाली वाळू उघडी पडत नाही. उताराच्या जागी दगड घसरून आले, म्हणून मोठ्या होड्या बुरोंडीला नेऊन लावतात. पहाटे माणसं रिक्षाने तिकडे जातात. वाळवणाच्या दोऱ्या बांधायला जागा उरली नाही. पोरी दापोलीत दुकानांतून कामाला लागल्या. बंधाऱ्याचा मधला भाग एका अंगाला खचतो आहे, हे मालननेच एका लग्नात भेटली तेव्हा सांगितलं. सांगून झाल्यावर ती जेवणाच्या पंगतीकडे निघून गेली.

योगिनीला कॉलेजने परत घेतलं नाही. आठवड्यातून एकदा ती तहसील कार्यालयात जाते आणि काशीच्या अर्जाची चौकशी करते. गुरचरण जमीन घरांसाठी द्यायची म्हणजे बरीच टेबलं फिरावी लागतात. आमदार असताना ज्या केबिनमध्ये थेट शिरायची, तिच्या बाहेरच्या बाकावर आता ती इतरांबरोबर बसते. कारकून ओळख ठेवून आहे, कधी कधी चहा मागवतो. फाईल अजून वर गेलेली नाही.

खेडला ती त्यानंतर एकदाच गेली. डेपोच्या बाहेर आवडाबाई बसलेली दिसली, शेजारणीशी बोलत, पाटी निम्मी रिकामी झालेली. योगिनी रस्त्याच्या पलीकडे थोडी थांबली, आणि मग तशीच परत फिरली.

यंदाच्या आषाढ अमावास्येला दुपारी बारा वाजता ती घरात फोन हातात धरून बसली होती. मालनला लावला, तिने उचलला नाही. मग काशीला लावला. पलीकडून आधी नुसता लाटांचा आवाज आला, दगडावर काही जड आपटावं तसा.

"पाणी बंधाऱ्यावरनं उडतंय, ताई," काशी ओरडून सांगत होती. "अंगण भिजलंय. घरात नाय आलं. अजून तरी नाय."

"तू वर शाळेत जा, काशी."

"जाते. जरा कोंबड्या कोंडून जाते," काशी म्हणाली, आणि फोन तुटला.